दुपारची सुटी, मोफत कला आणि भेळेची गाडी

जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारीची सुरुवात आली की मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसर नऊ दिवसांपुरता ओळखू येईनासा होतो. १९९९ सालापासून तेथे भरणाऱ्या कला महोत्सवाला प्रवेशमूल्य नाही. रस्त्यावर मांडलेली शिल्पे, नृत्य, नाटक, संगीत, साहित्यचर्चा हे सारे ज्याला यावयाचे त्याला खुले असते. ज्या पुतळ्यावरून या चौकाला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला, आणि २०१७ साली स्वाराविना एक नवा काळा घोडा तेथे उभा करण्यात आला. राजा गेला, घोडा तेवढा परत आला, याबद्दल कोणाची तक्रार असल्याचे ऐकिवात नाही.

महोत्सव चांगला आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे. तथापि त्याच्या गर्दीकडे पाहताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या इमारतींच्या सावलीत हा महोत्सव भरतो, त्या इमारतींत वर्षभर फायली हलविणारा लिपिक, बँकेच्या खिडकीवरील कर्मचारी, न्यायालयातील कारकून, जवळच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी या सर्वांच्या वाट्याला या मोफत कलेपैकी किती येते? कार्यक्रम मोफत आहे म्हणजे तो सर्वांना परवडतो, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

एखाद्या वस्तूची किंमत म्हणजे केवळ तिकिटावर छापलेला आकडा नव्हे. ती वस्तू उपभोगण्यासाठी जो वेळ द्यावा लागतो तोही किमतीचाच भाग असतो. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली वेळेच्या वाटपावरील आपल्या निबंधात हा विचार रीतसर मांडला. आपल्याकडील गृहिणींना तो त्यापूर्वीही ठाऊक होता. डोंबिवलीस किंवा विरारला राहणाऱ्या लिपिकाच्या दृष्टीने सायंकाळी सातच्या मोफत मैफलीची किंमत काय पडते? परतीची नेहमीची गाडी चुकते, घरी पोहोचण्यास अकरा वाजतात, मुलांचा अभ्यास आणि रात्रीचे जेवण दुसऱ्या कोणावर तरी पडते आणि पहाटेचा गजर मात्र ठरल्या वेळीच होतो. लिपिक स्त्री असेल तर ही किंमत दुप्पट धरावी. राज्य शासनाने २०२० साली पाच दिवसांचा आठवडा लागू केला तेव्हा कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी ठरली. शनिवार मोकळा झाला, पण इतर पाच दिवसांची संध्याकाळ आणखी आखूड झाली. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे वेळ तरी असेल, ही समजूत उपनगरी रेल्वेने कधीच खोटी ठरविली आहे.

याच माणसाकडे दुपारी एक ते दोनच्या दरम्यान मात्र असा एक वेळ असतो की त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नसतो. तो फोर्टात आलेलाच आहे. मासिक पासाचे पैसे भरून झाले आहेत. परतीच्या गाडीला अवकाश आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या वेळी कलेचा आस्वाद घेण्याचा त्याचा सीमांत परिव्यय जवळजवळ शून्य असतो. म्हणून खऱ्या अर्थाने मोफत कार्यक्रम कोणता, असे कोणी विचारले तर दुपारच्या सुटीत, कार्यालयाच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर, उघड्यावर होणारा कार्यक्रम, असेच उत्तर द्यावे लागेल.

ही कल्पना नवी नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनमधील नाट्यगृहे आणि संगीतगृहे प्रथम बंद झाली. नंतरही काळोखबंदीमुळे संध्याकाळी घराबाहेर पडणे जिकिरीचे होते. नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षित स्थळी हलविलेली होती आणि दालने रिकामी पडली होती. मायरा हेस या पियानोवादिकेने त्या रिकाम्या दालनांत दुपारी एक वाजता मैफली सुरू केल्या. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिली मैफल झाली आणि १० एप्रिल १९४६ पर्यंत, बाँबवर्षावाच्या काळातही, सोमवार ते शुक्रवार हा क्रम चालू राहिला. एकूण १,६९८ मैफली झाल्या आणि सव्वाआठ लाखांच्या आसपास श्रोत्यांनी त्या ऐकल्या. त्या मोफत नव्हत्या, एक शिलिंग द्यावा लागे, आणि छपराखाली होत्या. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील फार मोलाचा आहे. मैफलीच्या जोडीला स्वयंसेविकांनी चालविलेले उपाहारगृह होते आणि तेथील सँडविचची कीर्ती संगीताइतकीच पसरली होती. हे काही आतिथ्य म्हणून नव्हते. जेवणाची सुटी जेवणासाठी असते. श्रोत्याला तेथेच चार घास मिळाले नाहीत तर त्याला संगीत आणि भूक यांतून एकाची निवड करावी लागते, आणि या निवडीत संगीत हरते.

चहा आणि साखर या पूरक वस्तू आहेत, असे आम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. दुपारची कला आणि स्वस्त खाणे याही तशाच पूरक वस्तू आहेत. काळा घोडा परिसराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. जहांगीर कलादालनात १९६४ पासून ‘समोवार’ हे लहानसे उपाहारगृह होते. चित्र पाहायला आलेला चहाला बसे आणि चहाला आलेला चित्र पाहून जाई. २०१५ साली ते बंद झाले. कलादालन अद्याप आहे, प्रवेशही मोफत आहे. पण तेथे घटकाभर टेकण्याचे एक निमित्त संपले.

अमेरिकेत ही पूरकता फूड ट्रकने साधली आहे. २००८ च्या मंदीनंतर तेथील शहरांत फिरत्या वाहनांतून ताजे पदार्थ विकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. लॉस एंजेलिसमधील ‘कोगी’ ही कोरियन मांस मेक्सिकन टॅकोत भरून देणारी गाडी त्याच वर्षी रस्त्यावर आली आणि तिच्यामागे लोकांच्या रांगा लागल्या. चौकातील दुपारचे मोफत संगीत आणि कडेला उभे असलेले हे ट्रक हे दृश्य तेथे आता नेहमीचे झाले आहे. आपल्याकडे या गोष्टीचे अनुकरण करावयाचे तर नवा शब्दही शोधावा लागणार नाही. भेळेची गाडी, वडापावची गाडी, उसाच्या रसाची गाडी असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. दुर्दैवाने अनुकरण करताना आपण वस्तू सोडून तिचे रूप उचलतो. रंगविलेला, दिव्यांनी सजविलेला ट्रक उभा करावयास काही लाखांचे भांडवल लागते; हातगाडी काही हजारांत उभी राहते. उत्सवाच्या संयोजकाला ट्रक छायाचित्रात चांगला दिसतो म्हणून हवा असतो, आणि क्रॉस मैदानालगतच्या खाऊगल्लीत इतकी वर्षे फोर्टातल्या नोकरदारांना जेवू घालणारा माणूस त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

अमेरिकेचे उदाहरण घ्यायचे तर त्यातील खाचखळगेही पाहिले पाहिजेत. शिकागो शहरात उपाहारगृहापासून दोनशे फुटांच्या आत फूड ट्रक उभा करण्यास बंदी आहे. स्थिरावलेल्या व्यापाऱ्याला नव्या स्पर्धकापासून संरक्षण देणारा हा नियम न्यायालयात आव्हानित झाला, पण २०१९ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. रस्ता सर्वांचा असला तरी त्यावरील बाजारपेठ कोणाची हे नियम करणारा ठरवितो, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडचे नियम कागदावर याहून पुष्कळ उदार आहेत. रस्त्यावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन, घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग प्रकरणात म्हटले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत त्यांना सामावून घ्यावे, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणास उठवू नये, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत, असे तो कायदा सांगतो. जेथे विकणारे आणि घेणारे परंपरेने एकत्र येत आले आहेत अशा ठिकाणाला ‘नैसर्गिक बाजारपेठ’ म्हणून मान्यता देण्याची तरतूदही त्यात आहे. मुंबईत कायद्याच्याच वर्षी अर्ज मागविण्यात आले आणि ते सुमारे नव्व्याण्णव हजार भरले. समित्यांच्या निवडणुकीचे मतदान व्हायला मात्र २०२४ साल उजाडावे लागले आणि त्या वेळी मतदारयादीत नावे होती ती सुमारे बत्तीस हजार. मधल्या दहा वर्षांत फोर्टातील नोकरदार रोज जेवतच होता, आणि त्याला वाढणारा माणूस रोज महापालिकेच्या गाडीची चाहूल घेत वाढत होता.

येथे या विषयाचे खरे मर्म आहे. मोफत कार्यक्रमाचा खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खात्यावर पडतो. तो कोणी सोसावयाचा हे आधी ठरविले नाही तर सर्वांत दुबळ्याच्या माथी जातो, आणि अशा कार्यक्रमात दुबळे दोघेच असतात: एक गाणारा आणि दुसरा गाडीवाला. ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे’ असे सांगून कलावंताला विन्मुख पाठवायचे आणि ‘तुम्हाला गिऱ्हाईक मिळते आहे’ असे सांगून गाडीवाल्याकडून भरमसाट भाडे घ्यायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे. गाडीवाला ते भाडे वड्याच्या किमतीत मिळवितो, म्हणजे अखेरीस प्रेक्षकच मोफत कार्यक्रमाचे तिकीट वड्याबरोबर विकत घेतो. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या अंगणात हेच घडते. एकेकाळी याच गिरणगावात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकाने कामगारांपुढे लोकनाट्ये केली. आज तेथे गाणे कानावर पडते ते फुकट. पण त्याच्या शेजारचे खाणे महिन्याच्या हिशेबात बसत नाही आणि घरून आणलेला डबा उघडावा तर पहारेकऱ्याची नजर आडवी येते.

कलावंताचे मानधन हा प्रश्न तर याहून अवघड. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की कारखान्यातील कामगाराची उत्पादकता यंत्रामुळे वाढते, परंतु चार वादकांच्या रचनेला चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे इतरत्र वेतने वाढत गेली की प्रत्यक्ष सादर होणारी कला तुलनेने महाग होत जाते. तिकीट लावूनही जिचा खर्च निघत नाही, तिला तिकिटाविना उभी करावयाची तर निधी कोठून तरी बांधून घ्यावाच लागतो. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १९४२ साली ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला. तबकड्यांमुळे आमची रोजी जाते, तेव्हा तबकड्यांच्या उत्पन्नातून आमच्यासाठी काही बाजूला काढा, अशी त्यांची मागणी होती. त्या झगड्यातून १९४८ साली एक विश्वस्त निधी उभा राहिला. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी विक्रीच्या प्रमाणात त्यात पैसा भरायचा आणि त्यातून वादकांना मानधन देऊन जनतेसाठी मोफत कार्यक्रम करायचे, अशी ती योजना. त्या निधीचा पूर्वीचा बहर आता ओसरला आहे. पण मोफत कार्यक्रम आणि कलावंताची रोजी या गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत, हे त्याने सिद्ध केले.

महाराष्ट्राला अशा निधीसाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. कामगार कल्याण निधीचा कायदा येथे १९५३ पासून आहे. कारखाने, दुकाने व आस्थापनांतील कामगाराच्या वेतनातून वर्षातून दोनदा लहानशी रक्कम कापली जाते आणि मालक तिच्या तिप्पट भरतो. वेतनचिठ्ठीवरील या कपातीकडे आपण सहसा पाहत नाही, पण कामगार नाट्यस्पर्धा आणि ललित कला भवने तिच्यातूनच चालत आली आहेत. याशिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि त्या कार्यांच्या यादीत कला व संस्कृती यांचा स्पष्ट निर्देश आहे. फोर्ट आणि नरिमन पॉइंट येथे मुख्य कार्यालये असलेल्या कंपन्यांनी आपल्याच दाराबाहेरच्या दुपारकडे या दृष्टीने पाहावयास हरकत नसावी. अट एकच असावी: पैसा मानधनाला द्यावा, फलकाला नव्हे.

आक्षेप पुष्कळ निघतील. कर्मचारी गाण्यात रमले तर फाइली कोण पाहणार, हा त्यातला पहिला आणि सर्वांत जुना. त्याला उत्तर घड्याळाचे आहे. शासकीय कार्यालयांत जेवणाची सुटी एक ते दोनच्या दरम्यान अर्धाच तास ठरलेली आहे. म्हणून कार्यक्रमच वीस मिनिटांचा आखावा आणि सव्वाएक व पावणेदोन असा दोनदा करावा. वीस मिनिटांत एक राग नीट उलगडत नाही हे खरे. पण एक भारूड, एक पोवाडा, एखादी एकांकिकेतील चटकदार प्रवेशिका खुशाल बसते. दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे न्यायालये, रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र मानता येते, आणि फोर्टात उच्च न्यायालय व विद्यापीठ समोरासमोरच्या अंतरावर आहेत. तेव्हा ध्वनिक्षेपक नको. डफ, टाळ, एकतारी, सनई यांना ध्वनिक्षेपक कधी लागला? कीर्तनकाराचा आवाज देवळाच्या मंडपात शेवटच्या ओळीपर्यंत जातच होता. कूपरेजच्या बागेतील एकोणिसाव्या शतकातला बँडस्टँड तर विजेचा कर्णा निघण्यापूर्वीच्या काळात ऐकू जाण्यासाठीच बांधलेला आहे.

तिसरा आक्षेप गर्दीचा. २०१७ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस जणांचा चेंगरून मृत्यू झाला आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मज्जाव केला. पदपथ चालण्यासाठी मोकळा हवा याबद्दल दुमत होऊ नये. रोज त्याच पदपथावरून ढकलाढकली करीत जाणारा वर्ग हाच आपला वाचकवर्ग आहे. म्हणूनच गाड्या पदपथावर न ठेवता क्रॉस मैदानाच्या किंवा बागेच्या आतल्या बाजूस एका तासापुरत्या आणाव्यात. फेरीवाल्याला जागा दिली की पदपथ अडतो आणि न दिली तरी तो तेथेच उभा राहतो, या कोंडीतून सुटण्याचा एक लहानसा मार्ग यात आहे.

मात्र जागा कायमची देऊ नये. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. हेतू चांगला होता, जागाही मोक्याच्या मिळाल्या. पुढे अनुदान थांबले, अनेक ठिकाणची झुणका-भाकर दिसेनाशी झाली आणि मोक्याच्या जागेवरचा ताबा तेवढा मागे राहिला. तेव्हा गाड्यांची निवड लिलावाने नको, वशिल्याने तर नकोच. त्या विभागातील नोंदलेल्या विक्रेत्यांतून सोडत काढून दर महिन्यास पाळी बदलावी. भाडे साफसफाईच्या खर्चापुरते घ्यावे, पदार्थांचे दर फलकावर लिहावेत, हात धुण्यास नळाचे पाणी पालिकेने द्यावे. आणि डबा घेऊन येणाऱ्याला बसण्यास जागा असावी. गाडीवाल्याच्या धंद्याला त्याने ओहोटी लागत नाही, डबा खाणाराही चहा घेतोच.

खर्चाचा अंदाज बांधणे कठीण नाही. मुंबईची हवा पाहता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच चार महिने उघड्यावर बसण्याचे. आठवड्यातून दोन दिवस धरले तर सतरा आठवड्यांत चौतीस कार्यक्रम होतात. प्रत्येकास चार कलावंत आणि प्रत्येकी तीन हजार रुपये मानधन असे मानले तर एका दिवसाचे बारा हजार आणि साऱ्या हंगामाचे चार लाख आठ हजार रुपये होतात. दोन्ही खेळ मिळून दोनशे माणसे जमली तर माणशी साठ रुपये, म्हणजे फोर्टातल्या गाडीवरचे दोन वडापाव आणि एक चहा. ही रक्कम कामगार कल्याण मंडळाला किंवा एखाद्या कंपनीला जड जावी अशी नाही. अडचण आहे ती परवानग्यांची. मैदान एका खात्याकडे, विक्रेत्याचा परवाना दुसऱ्याकडे, अन्नपदार्थांची नोंदणी तिसऱ्याकडे, आणि जमावाची परवानगी पोलिसांकडे. महापालिकेच्या ए विभाग कार्यालयाने या चारही परवानग्या हंगामासाठी एकदाच आणि एकाच अर्जावर देण्याचे ठरविले, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग सुरू होण्यास दुसरी अडचण दिसत नाही.